झिजायचं कोणी?

जस्ताची एक कांडी माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात उभी असते. नवी होती तेव्हा करंगळीएवढी, गुळगुळीत, करड्या रंगाची होती. आता तिच्याकडे बघून उंदरानं कुरतडलेला खडू आठवतो. 2003 साली दुबईत एका शिडाच्या होडीच्या एअर कंडिशनरमधून मी ती काढली, तिच्या जागी नवी बसवली आणि जुनी, का कोण जाणे, खिशात टाकली. मी एसी मेकॅनिक. ठाण्याच्या आयटीआयमध्ये शिकलो, वागळे इस्टेटमध्ये उमेदवारी केली आणि 1991 पासून तेवीस वर्षं आखातात लोकांच्या होड्या गार ठेवल्या. तत्त्वज्ञान हा काही माझा प्रांत नव्हे. पण गेल्या वर्षी टेंभी नाक्यावरच्या आमच्या चाळीत एक प्रसंग घडला, आणि तेव्हापासून ही कांडी मला स्वस्थ बसू देत नाही.

आधी कांडीचं काम सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

घरातला एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. होडीतला एसी ती समुद्रात टाकतो. होडीच्या तळाशी एक भोक आणि त्यावर व्हॉल्व्ह असतो. तिथून पंप समुद्राचं पाणी ओढतो, जाळीतून गाळून घेतो, कंडेन्सरच्या नळीतून फिरवतो आणि होडीच्या कुशीतून परत बाहेर सोडतो. एका टनाच्या मशीनला मिनिटाला साधारण अकरा लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात मशीन दिवसरात्र चालतं, म्हणजे चोवीस तासांत त्याच्या आतड्यांतून पंधरा हजार लिटरहून जास्त खारं पाणी जातं. त्यात आखाताचं पाणी महासागरापेक्षाही खारट. महासागरात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, तर आखातात 40 च्या वर.

कंडेन्सरची नळी असते तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची. पंप ब्राँझचा, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, एखादा जोड कुणीतरी स्वस्तात बसवलेला पितळेचा. वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले आणि भोवती खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी तयार. जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो विरघळू लागतो आणि त्याच्या जिवावर दुसरा शाबूत राहतो. हे थांबवता येत नाही, पण वळवता येतं. जस्त इलेक्ट्रॉन सोडण्यात या सगळ्यांपेक्षा उदार. समुद्राच्या पाण्यात तांब्यात आणि त्याच्यात साधारण पाऊण व्होल्टचं अंतर असतं. म्हणून पाण्याच्या वाटेवर जस्ताची कांडी बसवायची. ती विरघळते, नळी वाचते. कांडी अर्धी झाली की बदलायची. इंग्रजीत तिला 'सॅक्रिफिशिअल ॲनोड' म्हणतात. बळी जाणारं, त्याग करणारं टोक.

तेवीस वर्षांत मी अशा किती कांड्या बदलल्या असतील याची गणती नाही. पण 'त्याग' या शब्दावर मी कधी थांबलो नव्हतो.

*

गेल्या वर्षी ताईला सत्तर पूर्ण झाली. माझी थोरली बहीण. टेंभी नाक्यावरून आत शिरलं की जी जुनी चाळ लागते, तिच्यातल्या दोन खोल्यांत ती अजून राहते. मी बायकोमुलांसह घोडबंदर रोडला. चाळीच्या गच्चीवर मांडव घातला, शेजारपाजारचे, भाचरं, पुतणे असे साठ-सत्तर लोक जमले. मी चार शब्द बोलायला उभा राहिलो.

सांगण्यासारखं खूप होतं. 1973 साली वडील गेले तेव्हा ताई अठरा वर्षांची होती आणि मी बारा. तिनं शिक्षण सोडलं आणि वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. माझी आयटीआयची फी तिनं भरली. 1991 मध्ये दुबईच्या एजंटला द्यायला पैसे हवे होते, तेव्हा तिच्या लग्नासाठी आईनं राखून ठेवलेल्या पाटल्या विकल्या. लग्नाचा विषय तोवर बारगळलाच होता. 1996 मध्ये आईला अर्धांगवायू झाला आणि 2007 पर्यंत, अकरा वर्षं, तिचं सगळं अंथरुणावर ताईनं केलं. मी पैसे पाठवायचो. वर्षातून एकदा, बहुतेक नवरात्रात, यायचो. खाली टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाची रांग रस्ताभर लागलेली असायची, वर आमच्या खोलीत ताई आईची कूस बदलत असायची.

तर मी म्हणालो, "ताई चंदनासारखी झिजली, म्हणून आम्ही घडलो." टाळ्या पडल्या. माझाही गळा दाटून आला होता, खोटं नाही सांगत.

रात्री सगळे गेल्यावर ताई मोरीत कप विसळत होती. पाठमोरी असतानाच तिनं विचारलं, "नवीन बिल्डिंगच्या कागदावर माझं नाव आहे का रे?"

चाळीचा पुनर्विकास चालू आहे. खोलीची भाडेपावती 1985 पासून माझ्या नावावर. मुलगा म्हणून ती माझ्या नावावर झाली, त्यात कुणाला काही विचारण्यासारखं वाटलं नव्हतं. दोनच महिन्यांपूर्वी मी संमतीपत्रावर सही करून आलो होतो. नव्या घराचा मालक म्हणून एकट्या माझं नाव लागणार होतं. मी गप्प राहिलो. ताई म्हणाली, "काही नाही, सहज विचारलं," आणि कप पालथे घातले.

*

घरी आलो, झोप आली नाही. डब्यातली कांडी हातात घेतली. मला एकदम जाणवलं, की जस्त कधीच त्याग करत नाही. त्याला कुणी विचारलेलं नसतं. कुणीतरी पाना घेऊन येतो, त्याला नळीला जोडतो आणि निघून जातो. पुढचं सगळं आपोआप होतं. 'त्याग' हा शब्द जस्ताचा नाही. तो पाना घेऊन आलेल्या माणसाचा आहे, आणि तो वापरला की पाना कुणाच्या हातात होता हे कुणी विचारत नाही.

आपलं चंदनही तसंच. 'चंदनासारखा झिजला' असं आपण किती सहज म्हणतो! पण चंदन आपण होऊन झिजल्याचं कुणी पाहिलं आहे? खाली सहाण असते, वर हात असतो. वाक्प्रचारात खोड तेवढं उरलं, हात गेला. त्या रात्री गच्चीवर माईक हातात धरून जो बोलत होता, त्याचाच तो हात होता.

यावर एक उत्तर लगेच येतं आणि ते मला सांगणारे बरेच भेटले. ताईनं हे सगळं आनंदानं केलं, कुणी बळजबरी केली नव्हती, तिच्या प्रेमाला तुम्ही हिशोबात का आणता? हे उत्तर अगदीच पोकळ नाही. ताईचं आमच्यावर प्रेम होतं, आहे. दधीची ऋषींनीही आपल्या अस्थी आनंदानंच दिल्या. पण त्या कथेत देव त्यांच्याकडे चालत आले, त्यांनी मागितलं, आणि दधीची 'नाही' म्हणाले असते तर ते देवांना ऐकावं लागलं असतं. ज्याच्या नकाराला किंमत आहे, त्याच्याच होकाराला त्याग म्हणता येतं.

आपल्याकडे दुसरीही एक कथा आहे, शिळासप्तमीची. गावात तळं खणलं, पाणी लागेना. जलदेवतांनी सुनेचा थोरला मुलगा मागितला. तेव्हा सुनेला माहेरी धाडलं आणि मागे मुलाला तळ्यात दिलं. तळं भरलं. लहानपणी आई ही कहाणी वाचायची तेव्हा माझं लक्ष मुलगा परत कसा येतो याकडे असायचं. आता लक्ष जातं ते सुनेला माहेरी धाडण्याकडे. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती हे सासऱ्याला ठाऊक होतं. म्हणून विचारलंच नाही. आमच्या ताईला कुणी माहेरी धाडलं नाही, ती माहेरीच होती. पण 1973 मध्ये 'आता कोण शिकणार आणि कोण कमावणार' हा प्रश्न आमच्या घरात विचारला गेला नाही. तो सुटलेलाच होता. मुलगा शिकणार. दोघांच्या पातळीत तेवढं अंतर आधीच होतं, प्रवाह आपोआप वाहू लागला.

इथे धातूंची उपमा थांबवायला हवी. जस्त आणि तांब्यातलं अंतर निसर्गानं ठेवलं आहे, त्यात कुणाचा दोष नाही. शाळेच्या पुस्तकात सोन्याचांदीला 'राजधातू' म्हणतात, कारण ते सहसा झिजत नाहीत. ते नाव आपण दिलं, गुणधर्म आपण दिला नाही. घरातला राजा कोण हे मात्र आपणच ठरवतो, आणि मग तो न झिजणं हा जणू त्याचा गुणधर्मच असल्यासारखं वागतो.

*

माझ्या धंद्यात जस्त हा पहिला उपाय कधीच नसतो. चांगला कारागीर आधी एकाच जातीचे धातू वापरतो. ते जमलं नाही तर दोन धातूंच्या मध्ये प्लास्टिकचा वॉशर घालतो, म्हणजे त्यांचा थेट संबंध येत नाही. होडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पाण्याची वाट गोड्या पाण्यानं धुऊन काढतो. वीज कुठे गळते आहे का ते तपासतो, कारण गळकी वीज वर्षांचं काम दिवसांत उरकते. हे सगळं झाल्यावर, जे उरेल त्यासाठी जस्त. आळशी मेकॅनिक मात्र थेट जस्तच ठोकतो. आमच्या घरातही तेच झालं. आईसाठी दिवसा एखादी बाई ठेवता आली असती, माझ्या पगारात ते बसत होतं. महिना-दीड महिना मला इकडे येऊन राहता आलं असतं. वॉशर घालण्याच्या जागा पुष्कळ होत्या. पण ताई होती ना.

या वॉशरची एक जुनी गोष्ट आहे. 1761 साली ब्रिटिश नौदलानं 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून. दोन वर्षांनी पाहिलं तर तांबं ठीक, पण लोखंडी खिळ्यांचा लगदा झालेला. काही खिळे मात्र धडधाकट होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता. लोखंड आणि तांब्याच्या मध्ये तेवढा कागद आला, आणि खिळा वाचला. मला ही गोष्ट कुठल्याही बलिदानाच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. तिच्यात कुणीच मेलं नाही. मध्ये एक साधा कागद होता, बस.

दुबईत एक प्रकार नेहमी पाहायचो. धक्क्याला लागलेल्या होड्या किनाऱ्यावरून वीज घेतात. त्या विजेच्या अर्थिंगच्या तारेनं सगळ्या होड्या एकमेकींना जोडल्या जातात. मग शेजारच्या होडीचा मालक जस्त बदलत नसेल, तर त्याची होडी तुमच्या जस्तावर जगते. तुमची कांडी भराभर संपते, आणि तो बिअर पीत म्हणतो, माझ्या होडीला कधी काही होतच नाही. ही तार तोडता येत नाही, ती जीव वाचवण्यासाठीच असते. मध्ये 'गॅल्व्हॅनिक आयसोलेटर' बसवतात. विजेचा धक्का बसण्याची वेळ आली तर तो वाट देतो, पण ही बारीक चोरी अडवतो. मला वाटतं कुटुंबात आणि समाजातही हेच हवं. नाती तोडायची नाहीत, संकटात ती लागतात. पण संकट नसताना त्या तारेतून कोण कुणावर जगतंय, ते बघायचं.

22 मार्च 2020 च्या संध्याकाळी आमच्या चाळीतही थाळ्या वाजल्या. मीही घोडबंदरच्या गॅलरीत उभा राहून वाजवली. सफाई कामगार, नर्स, वॉर्डबॉय यांना आपण 'योद्धे' म्हटलं. योद्धा म्हटलं की मरणं हे त्याच्या कामातच येतं, मग हातमोजे आहेत का, नोकरी कायम आहे का, हे प्रश्न जरा हलके वाटतात. टाळी फुकट असते. मी गच्चीवर ताईसाठी वाजवून घेतल्या त्या टाळ्यांची जात हीच.

*

आता एक गोष्ट माझ्याविषयी, जी सांगायला जड जाते.

हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं 1824 मध्ये नौदलाच्या तांब्याचा प्रश्न हाती घेतला. समुद्रात तांबंही हळूहळू झिजत होतं. डेव्हीनं दाखवलं की पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटासा तुकडा जोडला, क्षेत्रफळानं अगदी शंभरावा हिस्सा असला तरी, तांबं झिजायचं थांबतं. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. जहाजं समुद्रात गेली आणि परत आली तेव्हा त्यांच्या तळांना शिंपले आणि शेवाळ यांची जाड पुटं चढली होती, वेग मंदावला होता. झालं असं होतं, की तांबं जे थोडंथोडं विरघळायचं, तेच शिंपल्यांना विषारी होतं. तांब्याचं झिजणं हेच त्याचं काम होतं. पूर्ण वाचलेलं तांबं चकचकीत राहिलं आणि निरुपयोगी झालं. नौदलानं ते तुकडे काढून टाकले.

मी 2014 मध्ये परत आलो तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो. तब्येत चांगली, बँकेत पैसे, घोडबंदरला घर. आणि मला आजारी माणसाजवळ बसता येत नव्हतं. आईचं आजारपण मी फोनवर ऐकलं होतं. तिच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा मी मलमाचे पैसे पाठवले, ते मलम कसं लावतात ते मला कधी कळलं नाही. शेवटच्या वर्षांत आई बोलताना अडखळायची, ताईला तिचं प्रत्येक अक्षर समजायचं. मी आलो की ताई मध्ये बसून दुभाष्याचं काम करायची. स्वतःच्या आईशी बोलायला मला दुभाषी लागली. मला वाचवलं गेलं होतं, अगदी पूर्ण.

म्हणून 'झिजायचं कोणी?' या प्रश्नाला 'कुणीच नाही' हे उत्तर मला पटत नाही. खाऱ्या पाण्यात राहायचं तर काहीतरी झिजणारच. म्हातारपण येणार, आजार येणार, कुणीतरी रात्री जागणार. आणि त्या झिजण्यात नुसतं नुकसान नसतं, माणूस माणसाच्या उपयोगी पडतो तो तिथेच. एकाला सगळी झीज देणं हा त्याच्यावर अन्याय आहेच. पण दुसऱ्याची सगळी झीज काढून घेणं हाही त्याच्यावर एक अन्यायच आहे, फक्त तो त्याला गोड लागतो.

कांडीबाबत आमचे नियम साधे होते. कुठे बसवली आहे ते नोंदवायचं. ठरल्या दिवशी उघडून बघायचं. अर्धी झाली की बदलायची, पूर्ण संपायची वाट बघायची नाही. आणि तिला रंग लावायचा नाही. हे शेवटचं नवशिके हमखास चुकतात. होडी रंगवताना बाहेरच्या जस्तालाही हौसेनं रंग फासतात, छान दिसावं म्हणून. रंगवलेलं जस्त काम करत नाही. भाषणं हा असाच रंग. फरक एवढाच, की रंगवलेलं जस्त निदान झिजायचं थांबतं. रंगवलेलं माणूस झिजतच राहतं, आपल्याला दिसत मात्र नाही.

*

त्या प्रसंगानंतर मी वकिलाकडे गेलो. करार अजून नोंदवलेला नव्हता, ताईचं नाव घालता येत होतं. घातलं. नवा मसुदा घेऊन टेंभी नाक्याला गेलो. मनात कुठेतरी होतं की ताईचे डोळे भरून येतील.

तिनं चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतले. मी म्हटलं, "अगं, सही कर ना. मी सगळं बघितलंय."

"आत्तापर्यंत तूच बघत होतास ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

चार दिवसांनी गेलो तर मसुद्याच्या कडेला पेन्सिलीनं खुणा होत्या. बांधकाम चालू असेपर्यंतचं भाडं तिच्या खात्यात यायला हवं. नववा मजला नको, लिफ्ट बंद पडली तर काय. कपडे वाळत घालायला जागा कुठे दाखवली आहे? आणि तिच्यानंतर तिच्या हिश्श्याचं काय करायचं ते ती ठरवणार, ते आत्ता लिहायची गरज नाही.

मला राग आला. हे लिहिताना लाज वाटते, पण आला. इतकं करूनही हिचं काहीतरी आहेच, असं वाटून गेलं. जिना उतरताना लक्षात आलं, की सत्तर वर्षांत ताईनं माझ्याकडे अट म्हणून काही ठेवण्याची ही पहिलीच वेळ. जस्ताच्या अटी नसतात. तेवढ्यासाठीच ते सोयीचं असतं.

पंधरा दिवस झाले. कागद अजून तिच्याकडेच आहेत. वकिलाचा एक दिवसाआड फोन येतो, सही झाली का म्हणून. मी सांगतो, अजून नाही, ताई वाचतेय.